देहाबरोबर मनाचीही शुश्रूषा

रात्री उशिरा एखाद्या वस्तीवरून आलेली जीप जिल्हा रुग्णालयाच्या दारात थांबते. मागच्या बाकावर विषारी औषध घेतलेला तरुण शेतकरी असतो. डॉक्टर धावपळ करतात, विषावरील उतारा सुरू करतात, श्वास मंदावला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र लावतात. चार-सहा दिवस आईवडील वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात बसून काढतात. अखेर रुग्ण वाचतो. केसपेपरवर प्रकृती सुधारल्याची नोंद होते आणि त्याला घरी पाठविले जाते. त्याच्या रक्तातील विष उतरलेले असते. ज्या विचाराने त्याने ते घेतले, तो विचार मात्र त्याच्याबरोबर त्याच जीपने घरी परततो.

धाराशिव जिल्ह्यातील (२०२३ पर्यंतचे शासकीय नाव उस्मानाबाद) कोणाही डॉक्टरला हे दृश्य अपरिचित नाही. आठ तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ५७ हजार लोकसंख्येचा हा जिल्हा अवर्षण, कर्ज आणि पिकांचा बेभरवसा यांनी पिढ्यान्‌पिढ्या गांजलेला आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक होता. अशा जिल्ह्यात मनाच्या आजारावर उपचार कोठे व्हावेत? दूरच्या मनोरुग्णालयात, की जेथे ताप, बाळंतपण आणि अपघाताचे रुग्ण येतात त्याच सर्वसाधारण रुग्णालयात? मनोविकारतज्ज्ञाने इतर डॉक्टरांच्या शेजारी, त्याच इमारतीत बसणे का आवश्यक आहे, हे या लेखात आपण समजून घेऊ.

मनाचा आजार देहाच्या वेशात येतो

"माझे मन आजारी आहे" असे सांगत दवाखान्यात येणारा माणूस विरळाच. आपल्याकडे माणूस सांगतो ते देहाच्या भाषेत. डोके जड होते, छातीत धडधडते, अंगाची आग होते, हातापायांना मुंग्या येतात, पहाटे तीनलाच जाग येते, अन्नावर वासना नाही. गावातील डॉक्टर सलाईन लावतात, ताकदीचे इंजेक्शन देतात. तालुक्याला रक्त तपासले जाते, एक्स-रे काढला जातो. सर्व काही 'नॉर्मल' येते. घरचे म्हणतात, हिला काही झालेले नाही, ही नाटक करते. पैसे संपतात, दुखणे तसेच राहते. हे नाटक नव्हे. नैराश्य आणि चिंताविकार यांची ही नेहमीची लक्षणे आहेत आणि त्यांवर परिणामकारक उपचार आहेत.

याच्या उलटही घडते. देहाचा आजार कधी वेडाचे सोंग घेऊन येतो. पाय मोडल्यामुळे दाखल झालेला एखादा गृहस्थ तिसऱ्या रात्री अचानक बरळू लागतो, अंगावर किडे चालताहेत असे सांगतो, सलाईनची नळी उपटून टाकतो. वॉर्डात कुजबुज सुरू होते, की याला वेड लागले, किंवा बाहेरचे काही झाले. प्रत्यक्षात तो रोज दारू पिणारा असतो आणि रुग्णालयात आल्यापासून ती अचानक बंद झालेली असते. दारू तुटल्यानंतर दोन-तीन दिवसांनी येणारा हा भ्रम जिवावर बेतू शकतो. पण वेळेवर योग्य औषधे आणि 'ब-१' जीवनसत्त्व दिले, तर रुग्ण पूर्वीसारखा होतो. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणसाला रात्री घर ओळखू येत नाही, तेव्हा कारण बहुधा जंतुसंसर्ग किंवा रक्तातील मीठ कमी होणे हे असते. थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस उदास आणि सुस्त होतो. क्षयरोगाच्या काही औषधांनीही क्वचित मनोविकार उद्भवतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत एखाद्या मातेला झोप उडून विचित्र भास होऊ लागतात, आणि तेव्हा आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात असतो.

अशा प्रत्येक प्रसंगी एकट्या शल्यचिकित्सकाला, एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाला किंवा एकट्या मनोविकारतज्ज्ञाला पूर्ण चित्र दिसत नाही. दोघांनी एकाच खाटेपाशी उभे राहावे लागते. वैद्यकशास्त्रात या कामाची स्वतंत्र शाखा आहे. इतर विभागांतील रुग्ण पाहून सल्ला देणे आणि त्या विभागातील डॉक्टर-परिचारिकांशी सतत संपर्क ठेवणे, ही तिची दोन अंगे आहेत.

मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर

ब्रिटिश अमदानीत मनोरुग्णांसाठी गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत स्वतंत्र इस्पितळे उभारली गेली. महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्याजवळील येरवडा येथे शासनाची अशी जुनी मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नाही. १९१२ च्या कायद्याखाली तेथे दाखल होण्याचा मार्ग बहुतेक वेळा न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशातून जात असे. एकदा माणूस आत गेला, की गावाच्या दृष्टीने तो संपल्यातच जमा होई.

ही भिंत ओलांडण्याचा पहिला प्रयत्न १९३३ मध्ये कोलकात्यात झाला. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वसाधारण रुग्णालयात (आजचे आर. जी. कर) मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. दुसरे पाऊल आपल्या मुंबईत पडले. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसाणी यांनी जे. जे. रुग्णालयात असा विभाग उघडला. १९६० च्या दशकापासून हे विभाग देशभर वाढत गेले. त्यांचे एक वैशिष्ट्य आपल्या कुटुंबपद्धतीला साजेसे ठरले. येथे रुग्णाजवळ घरचे माणूस राहू शकत असे. औषध कसे द्यायचे, कोणती लक्षणे दिसली तर परत आणायचे, हे त्या माणसाला तेथेच शिकविता येत असे. रुग्ण काही आठवड्यांत घरी परते आणि शेजाऱ्यांना एवढेच कळे, की तो 'सरकारी दवाखान्यात' होता.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात बेंगळूरूच्या निम्हान्स संस्थेने १९८० च्या दशकात करून पाहिलेल्या प्रयोगाच्या आधारे १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. पुढे तो टप्प्याटप्प्याने देशातील बहुतेक जिल्ह्यांत पोहोचला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांचे पथक जिल्हा रुग्णालयात असावे, भरती रुग्णांसाठी खाटा असाव्यात, औषधे मोफत मिळावीत आणि पथकाने ग्रामीण रुग्णालयांतही जाऊन रुग्ण तपासावेत, अशी त्याची रचना आहे.

भूकंपाने शिकविलेला धडा

आपल्या भागाला मनाच्या जखमेची ओळख एका भीषण पहाटेने करून दिली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असता, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांसह पन्नासहून अधिक गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. देशभरातून अन्न, वस्त्रे, औषधे आली. मोडलेली हाडे जोडली गेली, पत्र्याचे निवारे उभे राहिले, पुढे पक्की घरेही मिळाली.

परंतु वाचलेल्यांपैकी कित्येकांना पक्क्या छपराखाली झोप येईना. मातीचा वास आला तरी छाती धडधडे. ज्यांनी स्वतःच्या हातांनी मुले ढिगाऱ्यातून काढली, त्यांच्या दुःखाला कोणत्या वॉर्डात जागा होती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या भूकंपाच्या मानसिक परिणामांच्या अभ्यासाचा प्रकल्प हाती घेतला. ज्येष्ठ अभिनेते म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात मोठा सहभाग होता. आपत्तीनंतर मनावरील उपचार हे मदतकार्याचे एक अंग असले पाहिजे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजण्यास या कामाचा हातभार लागला.

त्याच सुमारास तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन 'भारतवैद्य' म्हणून उभे केले. गावाचा विश्वास असलेली स्त्री डॉक्टरच्या आधी रुग्णापर्यंत पोहोचते, हे त्या कामाने दाखवून दिले. मनाच्या आजारांत या विश्वासाचे मोल दुप्पट असते.

गावाच्या उंबरठ्यापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत

२०१५ हे सलग दुष्काळाचे वर्ष होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राज्य शासनाने त्या वर्षी उस्मानाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले. त्याच सुमारास आरोग्य विभागाचा 'प्रेरणा प्रकल्प' राज्यातील १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी आला. त्यातही हा जिल्हा होता. प्रकल्पाची कल्पना साधी होती. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने विचारपूस करावी: झोप लागते का, जेवण जाते का, जगण्यात रस वाटतो का. उत्तरांवरून त्रास सौम्य, मध्यम की तीव्र हे ठरवावे. सौम्य असेल तर धीर द्यावा आणि पुन्हा भेटावे. अधिक असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयातील पथकाकडे पाठवावे. जोडीला १०४ क्रमांकावर समुपदेशनाची सोय होती.

या साखळीचे शेवटचे टोक सर्वसाधारण रुग्णालयात आहे, ही गोष्ट महत्त्वाची आहे. 'मनोरुग्णालयात चला' म्हटले तर किती शेतकरी जातील? 'सिव्हिलला जाऊन दाखवून या' म्हटले तर मात्र पाऊल उचलले जाते. त्याच फेरीत रक्तदाब तपासता येतो, मुलाचा दाखला काढता येतो, एसटीने संध्याकाळपर्यंत परतता येते.

अलीकडे धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले असून ते जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले आहे. अशा महाविद्यालयात मनोविकारशास्त्र विभाग असणे आवश्यक असते. २०२१ च्या नियमांनुसार एम.बी.बी.एस. नंतरच्या प्रशिक्षण काळात प्रत्येक नव्या डॉक्टरला दोन आठवडे या विभागात काम करावे लागते. हाच डॉक्टर उद्या भूम, परंडा किंवा वाशीच्या आरोग्य केंद्रात बसणार आहे. अंगदुखीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीला त्याने "झोप कशी लागते?" एवढे विचारले, तरी पुष्कळ काही बदलू शकेल.

एका खाटेपाशी दोन डॉक्टर

आता सुरुवातीच्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्यासाठी योग्य व्यवस्था कशी असावी?

विष उतरेपर्यंत त्याची जबाबदारी फिजिशियनची. पण तो शुद्धीवर येऊन बोलू लागला, की त्याच वॉर्डात मनोविकारतज्ज्ञाने त्याला भेटले पाहिजे, तेही जरा एकांतात. तज्ज्ञ विचारतात: पुन्हा तसे करावेसे वाटते का? घरी औषधांचे डबे कोठे असतात? दारूचे प्रमाण किती? पूर्वी असे घडले होते का? आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात भरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने रुग्णाला बहुधा हायसे वाटते; इतके दिवस जे कोणापाशी बोलता आले नाही, ते बोलता येते.

त्यानंतर दोन्ही डॉक्टर मिळून ठरवितात. नैराश्यावरील कोणते औषध त्याच्या यकृताला आणि हृदयाला चालेल? घरी कधी सोडायचे? घरी औषधांची चावी कोणाकडे राहील? सामाजिक कार्यकर्ता कर्जाचा, घरातील भांडणाचा प्रश्न समजून घेतो, कारण गोळीने कर्ज फिटत नाही आणि केवळ कर्ज फिटल्याने आजार बरा होत नाही. घरी सोडताना पुढच्या भेटीची तारीख केसपेपरवर लिहिलेली असते. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात.

एवढ्याने खरोखर फरक पडतो काय? जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आपले चेन्नईही होते. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आलेल्या १,८६७ व्यक्तींचे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटातील प्रत्येकाशी घरी सोडण्यापूर्वी सुमारे एक तास बोलणे झाले आणि पुढील दीड वर्षात नऊ वेळा फोनने किंवा भेटून विचारपूस झाली. पहिल्या गटात या काळात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते; दुसऱ्या गटात ते ०.२ टक्के होते. एक तासाचे संभाषण आणि नऊ वेळची चौकशी. यासाठी महागडी यंत्रे लागली नाहीत. गरज होती ती रुग्णालय सोडण्याआधी कोणीतरी भेटण्याची आणि नंतर कोणीतरी आठवण ठेवण्याची.

कायदा आता रुग्णाच्या बाजूने

अनेक कुटुंबे मनोविकारतज्ज्ञाला टाळतात ती पोलिसांच्या भीतीने. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे तो गृहीत धरतो आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे शासनाचे कर्तव्य ठरवितो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा देणारे जुने कलम ३०९ राहिलेच नाही. लोकसेवकाला त्याचे काम करण्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच अपवाद ठेवला आहे. रुग्णालय पोलिसांना कळवते ती प्रक्रियेची बाब आहे. तिला घाबरून रुग्णाला अर्ध्या उपचारातून घरी नेऊ नये.

हाच कायदा सांगतो, की मानसिक आरोग्यसेवा सर्व स्तरांवर सर्वसाधारण आरोग्यसेवेत समाविष्ट असावी. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने स्थान द्यावे, असे त्यात नमूद आहे.

उणिवा आणि आपला वाटा

कागदावरील व्यवस्था आणि प्रत्यक्ष यांत अंतर आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यातील बारा राज्यांत नव्हता) सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आजारांनुसार पाहता, उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ पाऊण, म्हणजे ०.७५. त्या हिशेबाने आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला बारा यायला हवेत. पण तज्ज्ञांची वस्ती मोठ्या शहरांत एकवटलेली असते. म्हणूनच जे मोजके आहेत त्यांनी स्वतंत्र इमारतीत वाट पाहत बसण्यापेक्षा, जेथे रुग्ण आधीच आलेले आहेत त्या सर्वसाधारण रुग्णालयात असणे अधिक उपयोगाचे आहे.

आपल्यापुरते काही नियम आपण पाळू शकतो. घरातील रुग्णाला विषबाधेनंतर सोडले जात असेल, तर "मनोविकारतज्ज्ञांना एकदा दाखवायचे आहे" असे स्वतःहून म्हणावे. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात; दोन दिवसांत फरक नाही म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून विचारल्याशिवाय बंदही करू नयेत. त्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत आणि चावी दुसऱ्याकडे असावी. बोलावेसे वाटले, तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आमच्या वाचकांपैकी काहींच्या मनात आणखी एक शंका असते. उदासी म्हणजे श्रद्धेची उणीव आणि आत्महत्या म्हणजे कायमचा कलंक, असे त्यांनी लहानपणी ऐकलेले असते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवण ग्रंथाने स्पष्ट केले आहे, की गंभीर मानसिक व्याधी किंवा तीव्र यातना माणसाची जबाबदारी कमी करतात आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये. २००६ च्या जागतिक आजारी दिनाचा विषयही मानसिक आजार हाच होता. मधुमेहाच्या रुग्णाला आपण प्रार्थना कर आणि इन्सुलिनही घे असे सांगतो. मनाच्या रुग्णालाही तेच सांगावे. धर्मग्रामातील आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या मंडळींनी आपल्या यादीत पाय मोडलेल्या आजोबांबरोबर, गेल्या महिन्यात सिव्हिलहून परतलेल्या त्या तरुणाचेही नाव लिहावे.

त्याला उपदेशाची गरज नाही. चहा घेत थोडे बसावे, पिकाची चौकशी करावी आणि निघताना विचारावे, "पुढची तारीख कधीची आहे? मी येतो बरोबर." त्या अभ्यासात माणसे वाचली ती बहुतांशी अशाच विचारपुशीने.